याव बाडूची बोटं

आमच्या कुमासी शहरात माणूस गेला की आधी घरच्या बायका रडतात, मग पुरुष मंडळी शवागारात जागा बघायला धावतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, "अरे, याव बाडूला कळवलं का?" कारण अंत्यविधीच्या शनिवारी आलेल्या प्रत्येकाच्या हातात गुळगुळीत कागदाचं, रंगीत फोटोंचं पुस्तक पडलं नाही, तर तो माणूस खरोखर जगला होता की नाही याचीच लोकांना शंका येते. जिवंतपणी ज्याची विचारपूस करायला महिनोन्‌महिने कोणी फिरकलं नाही, त्याच्यावरही मेल्यावर चाळीस पानं निघतात. त्यात बायकोची श्रद्धांजली, मुलांची श्रद्धांजली, जावयांची, चर्चची, शाळासोबत्यांची, आणि या सगळ्यांच्या सगळ्या श्रद्धांजल्या बांतामा भागातल्या 'अखेरचा मान' छापखान्यात बसून एकटा याव बाडू लिहायचा.

एवढा शोक एकट्या माणसाला करणं शक्य नाही, म्हणून यावने बोटांची मदत घेतली होती. त्याच्याकडे एक जुना संगणक होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं नाव नाही. त्यात त्याने वरच्या ओळीतल्या एकेका बटणावर एकेक वाक्य बसवलं होतं. एफ-दोन दाबलं की 'हे निष्ठुर मृत्यो, तुला दया कशी आली नाही', एफ-तीन दाबलं की 'प्रेमळ, मनमिळाऊ व सदा हसतमुख', एफ-सात दाबलं की 'न भरून येणारी पोकळी'. विधवेची अख्खी श्रद्धांजली तो समोरच्या माणसाशी फुटबॉलवर वाद घालत पाच-सहा बटणांत उरकायचा. दारूच्या पायी यकृत सडून गेलेला असो की चर्चचा वडीलधारा असो, एफ-तीन सगळ्यांना सारखंच लागू पडायचं आणि घरच्या लोकांनाही ते पटायचं. उलट एखाद्या वेळी एफ-तीन राहिलं तर लोक तक्रार घेऊन यायचे.

आणखी एक सवय त्याच्या हाताला होती. वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि जुन्या संगणकात न साठवलेलं सगळं विजेबरोबर जायचं. तेव्हा दिवे नुसते लुकलुकले तरी याववर विचार करायची वेळ यायची नाही. त्याचा डावा हात कंट्रोल आणि शिफ्टवर आणि उजवा एंटरवर जाऊन पडायचा, आणि मजकूर साठवला जायचा. घरी जेवताना दिवे लुकलुकले तरी त्याची बोटं फुफूच्या गोळ्यात ती तीन बटणं दाबायची. बायको म्हणायची, "झालं का साठवून? आता गिळा."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना छापखान्याचे म्हातारे मालक वारले. त्यांचं पुस्तक यावनेच केलं, एफ-दोनपासून एफ-नऊपर्यंत सगळी बटणं लावून. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे छापखाना बहिणीच्या मुलाकडे गेला. हा भाचा, फ्रेदुआ, हॅम्बर्गला आठ वर्षं राहून आला होता. तिथे तो काय करत होता ते कोणाला नक्की ठाऊक नव्हतं, पण परत आला तो 'सिस्टीम' हा शब्द घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात यावचा जुना संगणक मागच्या खोलीत शाईच्या डब्यांशेजारी जाऊन बसला आणि त्याच्या टेबलावर चकचकीत पडदा आला.

"मामा, आता एकट्याने लिहायचं नाही," फ्रेदुआने समजावलं. आपल्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला मामाच म्हणतात, मग तो पगारी नोकर का असेना. "कागद एकच, तो सगळ्यांच्या फोनवर दिसणार. लंडनचा मुलगा लंडनमधून बघेल, इथली मुलगी इथून बघेल. कोणाला काही सुचवायचं असलं तर समासात टीप टाकेल. तुम्ही टीप वाचायची, मजकूर दुरुस्त करायचा. आणि साठवायचं तर नाहीच! तो आपला आपण साठवतो."

"आपला आपण?" यावने विचारलं.

"आपला आपण."

"आणि लाईट गेली तर?"

"मामा, त्याला बॅटरी आहे."

यावचा चेहरा असा झाला की जणू त्याला सांगितलंय, आता श्वासही घ्यायचा नाही, तो आपला आपण घेतला जातो.

मग फ्रेदुआने बिस्किटं मागवून प्रशिक्षण ठेवलं आणि नव्या बटणांचा एक प्लॅस्टिक चढवलेला तक्ता प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवला. पानांची मांडणी करणारी पोकुआ तिशीची होती. तिला हे सगळं आधीच येत होतं. यावची जुनी वाक्यं तिनेच नव्या संगणकात आणून बसवून दिली.

"हे बघा मामा, 'पोकळी' आता कंट्रोल, आल्ट आणि पी."

"तीन बोटं? एका पोकळीला?"

"शोक मोठा आहे ना मामा, बोटं जास्त लागणारच."

पोकुआचं हसू थांबेना. यावचं मात्र घोडं तिथेच अडलं. डोक्याने शिकायचं असतं तर तो शिकला असता, पण ही विद्या त्याच्या डोक्यात कधी नव्हतीच, ती बोटांत होती, आणि बोटं कोणाच्या बापाचं ऐकत नव्हती. तिरपी अक्षरं करायला गेला तर खिडकीच बंद झाली. परिच्छेद हलवायला गेला तर कबरीवरच्या प्रार्थनेला क्रमांक पडले. आणि सवयीने एफ-सात दाबलं तर नव्या संगणकाने गुपचूप कान उघडे केले आणि खोलीतलं बोलणं टिपायला घेतलं. त्याच वेळी खिडकीशी मक्याचं केंके आणि मासे विकणारी बाई आली होती. एका पाळकाच्या पत्नीच्या श्रद्धांजलीत ओळ उमटली, 'तिच्या जाण्याने आमच्या जीवनात दोन दे आणि मिरची जास्त घाल, काल मासा शिळा होता.' पोकुआच्या नजरेला पडलं म्हणून वाचलं.

"मामा, पाळकांना आवडलं असतं," ती डोळे पुसत म्हणाली. "निदान नवीन तरी आहे."

फ्रेदुआला ही गोष्ट कळायची ती कळलीच. त्याने यावला काचेच्या खोलीत बोलावलं आणि जर्मनीत शिकून आल्यासारखा नम्र आवाज काढला. "मामा, तुमचा मला आदर आहे. सुआमेचे गॅरेजवाले क्वाबेना डोम्फे गेलेत. पुस्तक मोठं आहे. हे तुम्ही नव्या सिस्टीममध्ये, कोणाच्या मदतीशिवाय, गुरुवारपर्यंत छपाईला पाठवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर पोकुआ तिथे बसेल आणि तुम्ही बाहेर काउंटरवर या. गिऱ्हाइकांना पाणी-बिणी विचारायला अनुभवी माणूस हवाच आहे."

पाणी-बिणी! याव त्या दिवशी जेवला नाही. बांतामात त्याला लोक वाट सोडून द्यायचे, कारण आपल्यावर शेवटी काय लिहिलं जाणार ते याच्या हातात आहे हे जो तो ओळखून होता. तो माणूस आता पाण्याच्या पिशव्या वाटत फिरणार. त्याने तक्ता घरी नेला, उशाशी ठेवला, बायकोकडून पाठांतर म्हणून घेतलं. बायको विचारायची, "मृत्यो?" तो म्हणायचा, "कंट्रोल-आल्ट-एम." "हसतमुख?" "कंट्रोल-आल्ट-एच." शेजाऱ्यांना वाटलं, नवरा-बायकोंनी नवा पंथ धरला.

आणि त्याने डोम्फ्यांचं पुस्तक खरंच लिहिलं. चाचपडत, चुकत, तक्त्यावर बोट ठेवून, पण लिहिलं. कागदाचा दुवा घरच्या सगळ्यांच्या फोनवर गेला आणि समास टिपांनी भरून गेला. मुलांच्या श्रद्धांजलीशेजारी लंडनच्या एमॅन्युएलने लिहिलं होतं, 'माझं नाव आधी हवं. मी थोरला. क्वाकू हॉस्पिटलात एकदाही गेला नाही.' त्याखाली क्वाकूची टीप होती, 'कोण म्हणतं गेलो नाही? नर्सला विचार. तू शेवटचा फोन कधी केला होतास ते पण लिही.' जावयांच्या पानाशेजारी, 'दुसऱ्या जावयाचा फोटो नको, तो परत बायकोकडे राहायला आलाय की नाही ते अजून नक्की नाही.' यावने सगळ्या टिपा वाचल्या, सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं आणि मजकूर होता तसाच गोडगोड ठेवला.

फक्त एका टिपेपाशी त्याचा हात थांबला. डोम्फ्यांची विधवा, ब्रागोआई, हिला टाईप करता येत नव्हतं. तिने नातीच्या फोनमध्ये बोलून टीप टाकली होती, आणि ती तिच्या श्रद्धांजलीच्या अख्ख्या पानाला जोडलेली होती: 'बाडू, बाळा, मला सुचत नाही. सगळ्यांना लिहितोस तसंच माझ्या नावाने लिही. तो कधी आवाज चढवायचा नाही असं मात्र लिहू नकोस, लोक हसतील. गॅरेजमधून त्याचा आवाज चर्चपर्यंत यायचा. माझा पाय मोडला होता तेव्हा तो पहाटे उठून न्हाणीमागे बसून माझे कपडे धुवायचा. माझे आतले सुद्धा. उजाडायच्या आत वाळत घालायचा, वर चादर टाकायचा, कोणाला दिसू नये म्हणून. हे छापू नकोस. त्याला लाज वाटेल.'

यावने बाहीने डोळे पुसले. एवढ्या वर्षांत एवढ्या लोकांना त्याने पुरलं, पण रडू म्हणावं असं काही त्याला कधी आलं नव्हतं. त्याने टीप दोनदा वाचली आणि मग सांगितल्याप्रमाणे कंट्रोल-आल्ट-एम दाबलं, मग एच, मग पी. घरच्यांनी आपापल्या फोनवर पानं पाहिली, सगळ्यांनी हिरवी खूण केली. उरलं होतं एकच बटण, 'छपाईला पाठवा'.

यावने त्यावर बाण नेला आणि नेमके दिवे लुकलुकले.

गेले नाहीत, नुसते लुकलुकले. पण हातांना तेवढं पुरे होतं. डावा हात कंट्रोल आणि शिफ्टवर, उजवा एंटरवर. पडदा क्षणभर थरथरला. यावचा जीव भांड्यात पडला, साठवलं बुवा. मग त्याने 'छपाईला पाठवा' दाबलं आणि ताठ मानेने फ्रेदुआच्या काचेवर टकटक केली.

नव्या संगणकात त्या तीन बटणांचा अर्थ होता, समासातल्या सगळ्या टिपा मान्य करा आणि ज्या मजकुराला त्या जोडल्यात त्याच्या जागी बसवा. तक्त्यात ते होतं, अगदी खाली, प्लॅस्टिकच्या घडीत गेलेलं.

पोकुआने पानं मांडली, पण ती मजकूर वाचत नाही, फोटो सरळ आहेत का बघते. मशीनवाल्याने रंग बघितला. डोम्फ्यांच्या घरी पुस्तकांचे गठ्ठे पोचले तेव्हा त्यांनी मुखपृष्ठ बघितलं आणि फोटोत साहेब अगदी बोलतायत म्हणून रडून घेतलं. श्रद्धांजली कोणीच वाचली नाही. का वाचावी? ती काय पहिल्यांदा वाचायची होती?

शनिवारी सुआमेच्या मैदानात मांडव घातले गेले. काळ्या-लाल वस्त्रांतली माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसली, आणि ध्वनिवर्धकाजवळ आग्येकुम मास्तर उभे राहिले. हे निवृत्त शिक्षक, चर्चचे चिटणीस. आवाज असा की मागच्या रांगेतलं झोपलेलं मूल दचकावं. मास्तरांचा एक अभिमान होता. हातात घेतलेली श्रद्धांजली मध्येच थांबवणं म्हणजे मेलेल्याचा अपमान, आणि त्यांनी तो कधी केला नव्हता. मागे एकदा पाऊस कोसळला, मांडव वाहून गेला, तरी ते वाचत होते.

"मुलांची श्रद्धांजली!" मास्तर गरजले. "माझं नाव आधी हवं. मी थोरला. क्वाकू हॉस्पिटलात एकदाही गेला नाही!"

लोकांना वाटलं, नवीन पद्धत असेल. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, पण थांबतील ते मास्तर कसले. "कोण म्हणतं गेलो नाही? नर्सला विचार!" एमॅन्युएल लंडनहून घालून आलेला काळा चष्मा काढून उभा राहिला. क्वाकू त्याच्या दिशेने निघाला. मधल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, नर्सने काय सांगितलं ते पण वाचा!" जावयांचं पान आलं तेव्हा दुसऱ्या जावयाची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "आता नक्की झालं. नाही राहणार." कुळाचे कर्ते कपाळाला हात लावून बसले होते. मागच्या रांगेत याव खुर्चीत इतका खाली घसरला होता की त्याचे गुडघे नाकाला लागत होते.

मग मास्तरांनी पान उलटलं. "पत्नीची श्रद्धांजली. बाडू, बाळा, मला सुचत नाही."

पहिल्या ओळीला हशा झाला. आवाज चर्चपर्यंत यायचा म्हटल्यावर गॅरेजच्या पोरांनी तर टाळ्या वाजवल्या. न्हाणीमागच्या कपड्यांपाशी मास्तरांचा स्वतःचाच आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला त्या मैदानाने कधी ऐकला नव्हता. एमॅन्युएल आणि क्वाकू एकमेकांची कॉलर धरून होते ते तसेच उभे राहिले. "हे छापू नकोस," मास्तरांनी वाचलं, कारण छापलेलं होतं. "त्याला लाज वाटेल." मग सगळं मैदान रडायला लागलं, भाड्याने आणलेल्या रडणाऱ्या बायका सोडून, कारण त्यांना आपलं काम आता काय उरलं ते कळेना. ब्रागोआईने डोक्यावरचं काळं वस्त्र चेहऱ्यावर ओढून घेतलं.

सोमवारी छापखान्यात दोन गोष्टी एकदम आल्या. 'डोम्फ्यांसारखंच खरंखरं पुस्तक पाहिजे' म्हणून फोन यायला लागले, आणि कुळाचे कर्ते आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या माणसाला काढा, नाहीतर आमच्या कुळातला एकही माणूस तुमच्याकडे मरणार नाही. फ्रेदुआने दोन्हीकडे पाहिलं आणि हॅम्बर्गमध्ये शिकलेला मधला मार्ग काढला. "बाईंनी माफीची बाटली घेतली तर मामा खुर्चीवर. नाही घेतली तर घरी."

म्हणजे आता काउंटरसुद्धा नाही.

आमच्याकडे माफी मागायला दारूची बाटली न्यायची असते, समोरच्याने ती घेतली की माफी मिळाली. आणि एकट्याने जायचं नसतं. आपलं म्हणणं मांडायला कोणीतरी मोठा माणूस बरोबर लागतो. याव आग्येकुम मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, "चल. वाचलं तर मीच ना." श्नॅप्सची बाटली काखेत घेऊन दोघं ब्रागोआईच्या अंगणात जाऊन बसले. नातीने पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हातारीने रीतीप्रमाणे विचारलं, "काय खबर?"

"बाडू म्हणतो की," मास्तर गरजले, आणि शेजारच्या अंगणातल्या बायका कुंपणापाशी आल्या, "तुमच्या दिवंगत पतीच्या..."

"मास्तर, बसा तुम्ही," ब्रागोआई म्हणाली. "त्यालाच बोलू द्या. बाडू, मी तुला काय सांगितलं होतं?"

"छापू नको म्हणून, आई."

"मग?"

"दिवे लुकलुकले, आई."

यावला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. खुर्ची, पगार, बांतामातली इज्जत, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. या बाईने एवढी वर्षं जपलेलं आपण ध्वनिवर्धकावर वाजवलं, एवढंच राहिलं.

"आल्यागेल्या बायका आता मला त्या चादरीबद्दल विचारतात," ती म्हणाली. "त्यांच्या नवऱ्यांना पण ऐकवतात म्हणे. त्याला आवडलं नसतं. मला चार लोकांसारखं हवं होतं, बाडू. सगळ्यांच्या नवऱ्यांवर वाचतात तसं भारदस्त काहीतरी. त्याचाही मान तेवढाच होता. ते तू लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं होतं, आई. पूर्ण पान."

"मग ते आता म्हण. इथे म्हण. मी ऐकते, आणि मग बाटलीचं बघू."

यावने खाकरून घसा साफ केला. आयुष्यभर तो हेच तर लिहीत आला होता. त्याच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर टेकली, कंट्रोल, आल्ट, आणि उजव्या हाताचं बोट पुढे आलं, एम. तोंडातून काही आलं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग एच दाबलं. मग पी. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनीही असली हजार पानं मोठ्याने वाचली होती, पण त्यांनी नजर अंगणातल्या कोंबड्यांकडे वळवली. त्यांनाही एक ओळ आठवत नव्हती.

"काय झालं?" ब्रागोआईने विचारलं.

"आठवत नाही, आई," याव म्हणाला. "एक शब्द आठवत नाही."

"चादरीचं आठवतं?"

"ते सगळं आठवतं."

म्हातारीने तोंडावर वस्त्राचं टोक धरलं. आधी वाटलं रडतेय, मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की हसतेय. बराच वेळ ती हसली. शेवटी तिने डोळे पुसले आणि नातीला हाक मारली.

"ती बाटली आत ठेव गं," ती म्हणाली. "माझं काहीच हरवलं नाही."